उजेडाचे माप कोण तपासणार?

किराणा दुकानातल्या तराजूवर सरकारी शिक्का असतो. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे माप ठेवलेले असते. शंका आली तर ग्राहकाला ते मागता येते. दूध, तेल, कापड, सोने, सारे आपण मोजूनमापून घेतो. हल्ली मात्र एक नवी जिन्नस घरोघरी आरशासमोर येऊन बसली आहे आणि ती आपण डोळे झाकून विकत घेतो. ती म्हणजे उजेड! चेहऱ्यावरून फिरवायच्या, मुठीत मावणाऱ्या लाल दिव्यांच्या यंत्रांतला उजेड. सुरकुत्या कमी होतील, मुरुमे जातील, असे खोक्यावर छापलेले असते.

प्रकाशाने उपचार ही कल्पना थोतांड नव्हे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुरुमांसाठी निळा आणि लाल प्रकाश आजही वापरतात. प्रश्न आहे तो मात्रेचा.

खोक्यावर तरंगलांबी असते, दिव्यांची संख्या असते, कधी वॉटही असतात. पण यंत्र वीज किती खाते, यावरून त्वचेवर उजेड किती पडतो हे कळत नाही. त्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॉट, हा आकडा हवा. तो किती अंतरावरून मोजला, हेही हवे. हिशेब व्याजासारखा सरळ आहे. तीव्रता हा दर, वेळ ही मुदत. तीव्रता ३० मिलिवॉट असेल, तर दहा मिनिटांत चौरस सेंटिमीटरला १८ ज्यूल मिळतात. ती पाचच मिलिवॉट असेल, तर तेवढ्याच वेळात पदरात पडतात फक्त ३ ज्यूल. बरे, दुप्पट उजेडाने दुप्पट गुण येतो असेही नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे मात्रा वाढली, की परिणाम उलट घटू शकतो.

मग घरीच मोजावे काय? मोबाइलमधला लक्स मीटर माणसाच्या डोळ्याला दिसणारा उजेड मोजण्यासाठी असतो. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण त्याच्या हिशेबातच नसतात. सौर ऊर्जा मोजणारे स्वस्त मीटर सूर्यप्रकाशासाठी बेतलेले असतात; लाल दिव्यासमोर ते खऱ्यापेक्षा बराच मोठा आकडा दाखवतात. गंमत म्हणजे काही विक्रेते हाच फुगलेला आकडा जाहिरातीत मिरवतात! खरे मोजमाप होते ते प्रयोगशाळेतल्या महागड्या उपकरणांवर. सामान्य गृहिणीने ती कुठून आणायची? म्हणून मोजण्याची जबाबदारी विकणाऱ्याचीच.

इथे केवळ पैशांचा प्रश्न नाही. २०१९ साली न्यूट्रोजीनाने आपले मुरुमांवरचे प्रकाश-मुखवटे बाजारातून परत घेतले. डोळ्यांचे काही विकार असणाऱ्यांना आणि प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना त्यापासून अपाय होण्याची शक्यता होती.

वजनमापांसाठी आपल्याकडे २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे. बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅम छापावे लागतात. मग या खोक्यावर त्वचेवरची तीव्रता, मोजण्याचे अंतर आणि मोजणाऱ्या प्रयोगशाळेचे नाव, एवढ्या तीन गोष्टी का नसाव्यात? सरकारने हे सक्तीचे करावे. तोवर दुकानदाराला आपणच विचारावे. त्याने उत्तर दिले नाही, तर पैसे खिशातच ठेवावेत आणि त्वचेच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दिव्यांची संख्या मोजून उजेडाचे माप कळत नसते.