बहुमत आणि मर्यादा

बहुमताने राज्य चालणे ही लोकशाही. त्या बहुमतावरही संविधानाचा अंकुश असणे हे घटनात्मक प्रजासत्ताक. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. हडपसरच्या मतदारांनी २०२४ साली लोकसभेसाठी मत दिले, विधानसभेसाठीही दिले. परंतु मार्च २०२२ पासून त्यांना नगरसेवकच नव्हता. मुदत संपण्यापूर्वी महापालिकेची निवडणूक व्हावी, हा चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचा दंडक. तरीही पुण्याचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात रेंगाळले. राज्यात सरकारे बदलली, पण निवडणूक होईना. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मतपेटीला जे साधले नाही, ते संविधानाच्या दंडकाने साधले. मात्र जवळजवळ चार वर्षांनी. त्या दंडकावरील पहारा केवळ न्यायालयावर सोपवून नागरिकांनी निश्चिंत राहणे परवडणारे नाही.