दीर्घ मुदत आणि खरेदीचा भाव



सेन्सेक्सची 1978-79 मधील 100 पासूनची वाढ दाखवून, शेअर दीर्घकाळ राखल्यास तोटा होत नाही, असा गेल्या अंकातील पत्राने काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. कारण या निर्देशांकातून मागे पडलेल्या कंपन्या वगळल्या जातात आणि त्यांचे शेअर पुढेही बाळगणाऱ्या भागधारकाची हानी त्या आकड्यात उमटत नाही. (लाभांश, म्हणजे नफ्यातून भागधारकाला मिळणारा वाटा, सेन्सेक्समध्ये धरलेला नसतो, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.) जपानच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर 1989 मधील उच्चांक ओलांडण्यास फेब्रुवारी 2024 उजाडला, त्या चढ्या भावात निवृत्तीची पुंजी घालणाऱ्याचे उभे आयुष्य वाट पाहण्यात गेले असणार. खरेदीचा भाव इतका निर्णायक असतानाही किंमत-उत्पन्न गुणोत्तराचा, म्हणजे भाव प्रतिशेअर नफ्याच्या किती पट आहे याचा, पत्रात उल्लेखही नसावा, हे खेदजनक आहे.

— एक वाचक