मॅरेथॉन तोंडावर आणि पाय दुखतोय: हौशी धावपटूंच्या दुखापती लवकर बऱ्या का होत नाहीत?

पावसाळा सरत आला की साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, डिसेंबरमध्ये पुणे आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. महाराष्ट्रातल्या अनेक हौशी धावपटूंचं वर्ष आता या तारखांभोवती फिरतं. २००४मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनच्या विसाव्या आवृत्तीत, म्हणजे २०२५मध्ये, सगळ्या गटांत मिळून ६० हजारांहून अधिक लोक सहभागी झाले होते. यातले बहुतेक जण नोकरी-व्यवसाय सांभाळून पहाटे धावणारे. अनेकांनी तर तिशी-चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा धावायचे बूट घेतलेले असतात.

शर्यत जवळ येते तसा धावपटूंच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: टाच दुखतेय, धावू का? एक जण बर्फ लावायला सांगतो, दुसरा बूट बदलायला, तिसरा गोळीचं नाव पाठवतो. डॉक्टर म्हणतात, धावणं बंद करा. यातलं नेमकं ऐकायचं काय? आणि एवढं सगळं करूनही दुखणं महिनोन् महिने का रेंगाळतं?

दुखापत एका दिवसात होते का?

बहुतेक वेळा नाही. खड्ड्यात पाय पडून मुरगळणं वेगळं. धावपटूंच्या बहुतांश दुखापती हळूहळू साचत जातात. गुडघ्याच्या वाटीभोवतीचं दुखणं, नडगीच्या आतल्या कडेची वेदना, घोट्यामागच्या जाड टेंडनचा त्रास, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत निघणारी कळ आणि हाडाला पडणारी बारीक चीर म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, हे त्यातले नेहमीचे प्रकार.

यामागचं कारण शरीराच्या वेगवेगळ्या गतीत आहे. नियमित धावायला लागल्यावर हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच सरावतात. दम लागत नाही, म्हणून माणूस अंतर वाढवतो. पण टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, आणि हाड यांना सरावायला काही महिने लागतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथला झिजलेला भाग काढून टाकतं आणि मग नवं हाड भरतं. ही भरपाई पूर्ण व्हायला साधारण तीन-चार महिने जातात. या मधल्या काळात ते हाड थोडं कच्चं असतं. नेमकं त्याच वेळी मॅरेथॉनच्या तयारीतलं अंतर सगळ्यात जास्त वाढत असतं.

अंतर किती वाढवलं तर धोका?

‘आठवड्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको’ हा नियम धावपटूंना पाठ असतो. २०२५मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने हा हिशेब थोडा बदलला. त्यात ५,२०५ धावपटूंच्या घड्याळांमधली नोंद १८ महिने तपासली गेली. आठवड्याचं एकूण अंतर किती वाढलं, याचा दुखापतीशी धोका वाढवणारा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो एका दिवसाच्या धावेशी.

आधीच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० ते ३० टक्के जास्त अंतर एकाच वेळी धावणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी जास्त होता. दुपटीहून जास्त धावणाऱ्यांमध्ये तो १२८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे महिनाभरात १४ किलोमीटरच्या वर न गेलेल्या माणसाने रविवारी ग्रुपसोबत १८ किलोमीटर मारले, तर तो या धोक्याच्या गटात जातो. आठवडाभर कामामुळे धावता आलं नाही म्हणून रविवारी सगळी कसर भरून काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. हा अभ्यास निरीक्षणावर आधारलेला आहे, त्यामुळे अमुक किलोमीटरला दुखापत होणारच, असा अर्थ त्यातून निघत नाही.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सगळं ठीक?

इथेच अनेकांची फसगत होते. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसतच नाही. ते एमआरआयमध्ये दिसतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणून माणूस पुन्हा धावायला लागतो आणि बारीक चीर मोठी होते.

दुखणं स्नायूचं की हाडाचं, याचे काही संकेत मिळतात. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी वेदना, धावताना कमी न होता वाढत जाणारी वेदना, नुसतं चालताना किंवा रात्री झोपेतही जाणवणारी वेदना ही हाडाची शंका घेण्यासारखी लक्षणं. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर गेली तर दुखतं जांघेत, आणि तिकडे दुर्लक्ष केलं तर हाड पूर्ण मोडून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. त्यामुळे धावताना वाढणारी जांघेतली वेदना असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं.

धावणं सुरू करण्यामागे अनेकांचा हेतू वजन कमी करण्याचा असतो. मग धावणं वाढतं आणि जेवण कमी होतं. खर्चाच्या मानाने अन्न कमी पडलं की हाडांची दुरुस्ती मागे पडते. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा थांबणं हा त्याचा महत्त्वाचा इशारा. डॉक्टरांना पायाबद्दल सांगताना ही गोष्टही सांगायला हवी. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता भारतात सर्रास आढळते, तीही तपासून घ्यावी.

गोळी घेऊन शर्यत धावली तर?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या वेदना कमी करतात, पण जिथे इजा झाली आहे तिथला भार कमी करत नाहीत. वेदना हा शरीराचा इशारा असतो, तोच बंद होतो.

दुसरा धोका मूत्रपिंडाचा. लांब धावताना रक्त स्नायूंकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं. अशा वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवणारी शरीराची यंत्रणा या गोळ्या दाबून टाकतात. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८० किलोमीटर धावणाऱ्या ८९ स्पर्धकांचे दोन गट केले होते. आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्के आणि औषध नसलेली गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्के जणांच्या मूत्रपिंडावर ताण आल्याचं रक्ततपासणीत दिसलं. संख्या लहान आहे आणि अंतर मॅरेथॉनच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी मुंबईच्या दमट हवेत चार-पाच तास धावणाऱ्याने गोळी घेण्याआधी विचार करावा, एवढं त्यातून नक्की कळतं.

आणखी एक गोष्ट फारशी माहीत नसते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या अँटिबायोटिक्समुळे टेंडन तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला होता. लघवीच्या संसर्गासाठी अशी औषधं सुरू असतील तर आपण धावतो, हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

मग खरा उपचार कोणता?

स्ट्रेस फ्रॅक्चरला विश्रांती लागतेच. पण टेंडनच्या दुखण्यात पूर्ण विश्रांतीचा उपयोग थोडाच होतो. बसून राहिल्यावर वेदना जाते, टेंडन मात्र आणखी दुबळं होतं आणि धावायला लागलं की त्रास परत येतो. त्याला हळूहळू वाढत जाणारा भार द्यावा लागतो. घोट्यामागच्या टेंडनसाठी स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८मध्ये मांडलेला व्यायाम याचं प्रसिद्ध उदाहरण. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, अशा तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. पुढे यात बदल झाले, पण मूळ कल्पना टिकून आहे.

अडचण अशी की हा उपचार कंटाळवाणा आहे आणि त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. यंत्राच्या शेकाने दोन दिवस बरं वाटतं, म्हणून चार-पाच वेळा शेक घेतला जातो आणि घरी करायचा व्यायाम राहून जातो. ‘फिजिओथेरपीचा काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आपण नेमकं काय आणि किती आठवडे केलं, हे आधी आठवून पाहावं.

खर्च कोण करणार?

भारतातल्या नेहमीच्या आरोग्य विम्यात बहुतेक उपचारांसाठी रुग्णालयात किमान २४ तास भरती असण्याची अट असते. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी आणि फिजिओथेरपी त्यात सहसा बसत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण असलेली पॉलिसी लागते. म्हणजे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली तर विमा पैसे देतो, पण ती वेळ येऊ नये म्हणून काढलेला एमआरआय आणि तीन महिन्यांचा व्यायाम खिशातून करावा लागतो. मग लोक सगळ्यात स्वस्त पर्याय निवडतात: गोळी आणि चार दिवस आराम.

शर्यतींचे नियमही याला हातभार लावतात. बहुतेक ठिकाणी भरलेलं शुल्क परत मिळत नाही आणि आपला नंबर दुसऱ्याला देता येत नाही. न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये ठरावीक मुदतीत नाव मागे घेणाऱ्या बहुतेक धावपटूंना पुढच्या वर्षी प्रवेश राखून ठेवला जातो. शुल्क मात्र पुन्हा भरावं लागतं. जखमी धावपटूला घरी थांबणं सोपं जावं यासाठी आपल्याकडच्या आयोजकांना एवढं करणं अवघड नाही.

थांबायचं की धावायचं, कसं ठरवावं?

लंगडत धावावं लागत असेल, तर थांबावं. हाडाची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत धावू नये. टेंडनचं सौम्य दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीवर येत असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने थोडं धावणं चालू शकतं. सकाळचा ताठरपणा वाढत असेल तर अंतर कमी करावं.

आणि शेवटी कॅलेंडर पाहावं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून १२ आठवडे मागे मोजले तर ऑक्टोबर अखेर येते. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर दुखू लागलेलं टेंडन त्या रविवारपर्यंत पूर्ण बरं होण्याची शक्यता कमीच. अशा धावपटूने पूर्ण मॅरेथॉनचा निर्णय शर्यतीच्या आदल्या रात्री गोळीच्या भरवशावर घेण्यापेक्षा नोव्हेंबरमध्येच घेतलेला बरा.