बुरशी, फुप्फुस आणि स्टिरॉइड : उंदरांवरील प्रयोगांचा अर्थ
खास प्रतिनिधी, पालघर

भातकापणीनंतर पाम, कुंभवली परिसरात पेंढा रचला जातो. ओल धरलेला पेंढा हलविताना उडणाऱ्या धुळीत अस्परजिलस बुरशीचे बीजाणू असू शकतात. दोन-तीन मायक्रॉनचे हे कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांत पोहोचतात. निरोगी माणसाला मात्र त्याचा पत्ताही लागत नाही.

याचे कारण उंदरांवरील प्रयोगांतून उलगडले. सुप्त बीजाणूवरील प्रथिनाच्या आवरणामुळे शरीराच्या भक्षकपेशी त्याला ओळखत नाहीत. तो फुगून अंकुरू लागला की आवरण सुटते, आतील बीटा-ग्लुकान उघडे पडते आणि पेशींवरील ‘डेक्टिन-१’ ते हेरतो. पाठोपाठ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून येऊन बुरशीचे तंतू नष्ट करतात.

खरा बोध पुढे आहे. न्यूट्रोफिल नाहीसे केलेल्या उंदरांत बुरशी फुप्फुसभर बेसुमार पसरते. स्टिरॉइड दिलेल्या उंदरांत बुरशी तुलनेने कमी, पण भक्षकपेशी निष्प्रभ होतात आणि गोळा झालेल्या न्यूट्रोफिलांचा दाहच फुप्फुस पोखरतो. म्हणजे शत्रू एक, मरणाच्या वाटा दोन! दोन्ही रुग्णांवर एकाच साच्याचे उपचार पुरे पडतील, असे मानता येत नाही.

या क्षेत्रात भारतीय संशोधनही आहे. तरुणा मदान, उदय किशोर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले की, फुप्फुसातील ‘एसपी-डी’ हे नैसर्गिक प्रथिन नाकावाटे दिल्यास प्रतिकारशक्ती दाबलेले उंदीर या संसर्गातून वाचू शकतात. मदान पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत कार्यरत झाल्या. प्रयोगातील उंदरांना एकाच वेळी बीजाणूंची मोठी मात्रा दिली जाते, माणूस मात्र ते रोज थोडेथोडे घेतो. त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे रुग्णाला लावणे घाईचे ठरेल.

तरीही स्टिरॉइडचा इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा अतिरेक यांतून म्युकरमायकोसिस बळावला. महाराष्ट्र सर्वाधिक बाधित राज्यांपैकी होता. ती बुरशी वेगळी, पण दुबळी झालेली पहिली फळी तीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अस्परजिलस फ्युमिगेटसला सर्वाधिक धोक्याच्या गटात स्थान दिले.

पालघरसारख्या जिल्ह्यात प्रश्न क्षयरोगाशीही जोडलेला आहे. क्षय बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या पोकळीत ही बुरशी घर करते. खोकला, थुंकीतून रक्त, वजनातील घट ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने थुंकीत जंतू न सापडताही क्षयाचे औषध पुन्हा सुरू होण्याचा धोका असतो. अशा रुग्णाच्या रक्तात अस्परजिलसविरोधी प्रतिपिंडे तपासली, तर निदानाची दिशा बदलू शकते.