कार्ल्याचे लेणे कोणी कोरले?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

चैत्राच्या यात्रेत एकवीरा आईच्या दर्शनास कार्ल्याचा डोंगर चढणारे आपणांत पुष्कळ असतील. देवळापाठीमागचे ते प्रचंड लेणे कोणी कोरले, असे विचारावे तर उत्तर ठरलेले : ‘पांडवांनी, एका रात्रीत!’ मीही लहानपणी हेच ऐकले व मास्तर झाल्यावर काही वर्षे मुलांना हेच सांगितले. आज त्याची लाज वाटते. कारण ज्यांनी ते लेणे केले, त्यांनी आपली नावे त्याच दगडावर लिहून ठेवली आहेत.

हे बौद्धांचे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे मंदिर होय. वय सुमारे दोन हजार वर्षे. लांबी सुमारे १२४ फूट. दोहों बाजूंस पंधरा पंधरा नक्षीदार खांब व शेवटी स्तूप. वैजयंतीच्या भूतपाल शेठाने, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम, असा लेख कोरविला आहे. पण काम एकट्या शेठाचे नव्हे. धेनुकाकट गावचा सामिन सुतार, वेणुवासाचा मुलगा, याने दार केले, असा लेख तेथेच आहे. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दुसऱ्या दाराचे दान दिले. खांबांवर यवनांची नावे आहेत, भिक्षुणींचीही आहेत. लेखांची भाषा संस्कृत नव्हे, लोकांची प्राकृत आहे. त्यात सुताराला ‘वढकी’ म्हटले आहे. विदर्भात अजूनही वाढई म्हणतात.

आत जाऊन वर पाहा. दगडी छताला लाकडी कमानी बसविल्या आहेत. छत एकसंध खडकाचे. त्याला लाकडाचा आधार नको होता. पण बांधणाऱ्यांचा हात लाकडी घरांवर बसलेला, म्हणून दगडातही त्यांनी घरच उभे केले. हे कसब देवाचे की सुताराचे?

कुणब्याचाही वाटा आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा लेख आहे. दान राजाच्या जावयाचे, पण धान्य पिकविले त्या गावच्या नांगऱ्यांनी. त्यांची नावे मात्र लेखात नाहीत.

मग पांडव कोठून आले? पुढे ती लिपी वाचणारा कोणी उरला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली, तोवर सामिन सुताराचे नाव उघड्यावर असूनही मुकेच होते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या बापजाद्यांचे काम कोणाच्याही नावावर चढते. सातबाऱ्याची गोष्ट तरी याहून निराळी आहे काय?

पांडवांवर आमचा राग नाही. पण ‘एका रात्रीत झाले’ म्हटले की छिन्नी धरून आयुष्य घालविणाऱ्यांची मजुरी बुडते. यंदा यात्रेला जाल तेव्हा आईला नमस्कार करा आणि मुलामुलींना घेऊन लेण्यात जा. दारावरची अक्षरे त्यांना दाखवा आणि सांगा, हे आपल्यासारख्या एका सुताराने केले.

— एक खेड्यातील शिक्षक