रॉबिनच्या मारेकऱ्याचा शोध

लोकगीत हाती आले की त्यातील ‘खरी’ व्यक्ती कोण, हे विचारल्याशिवाय काही अभ्यासकांना चैन पडत नाही. ‘हू किल्ड कॉक रॉबिन’ हे इंग्रजी बालगीत त्यांचे आवडते सावज. चिमणी बाणाने रॉबिन पक्ष्याला मारते आणि एकेक प्राणी पुढे येऊन त्याच्या अंत्यविधीतील आपले काम पत्करतो, एवढाच या गीताचा आशय. परंतु हा रॉबिन म्हणजे १७४२ मध्ये सत्ताच्युत झालेले रॉबर्ट वॉल्पोल, असे सांगितले जाते. कोणाला तो बाणाने मेलेला राजा विल्यम रूफस वाटतो, तर कोणाला नॉर्स पुराणातील बाल्डर.

वॉल्पोलपक्षाचा मुख्य आधार कालसान्निध्याचा आहे. गीताची ज्ञात असलेली पहिली मुद्रित संहिता ‘टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक’मध्ये (सुमारे १७४४) आढळते. तीत पहिली चारच कडवी आहेत. विस्तृत पाठ सुमारे १७७० चा. या उत्तरकालीन पाठात थडगे खोदणाऱ्या घुबडाच्या कडव्यात ‘आउल’ आणि ‘शव्हल’ यांचे यमक आहे. आज न जुळणारे हे यमक जुन्या उच्चारात जुळत असे. म्हणजे उशिरा छापलेले कडवे भाषेने अधिक जुने असू शकते. मुद्रणाची तारीख ही जन्मतारीख नव्हे, हे प्राथमिक पथ्यही येथे पाळले गेलेले नाही. अर्थात उलट बाजूनेही उतावीळ होऊ नये. ग्लॉस्टरशरमधील बकलंड येथील पंधराव्या शतकातील काचचित्रात बाणाने विद्ध झालेला पक्षी आहे. परंतु चित्र म्हणजे गीत नव्हे. जॉन स्केल्टनच्या ‘फिलिप स्पॅरो’ या सोळाव्या शतकारंभीच्या काव्यात मृत चिमण्याच्या अंत्यप्रार्थनेत पक्ष्यांना कामे वाटून दिलेली आहेत. त्यावरून रूपबंधाची प्राचीनता कळते, या गीताचा उगम नव्हे.

कीट्सच्या मृत्यूनंतर १८२१ मध्ये बायरनने हाच प्रश्नोत्तरी साचा उचलून ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ला मारेकरी ठरवले. म्हणून हे गीत कीट्सविषयी आहे, असे कोणी म्हणत नाही. कारण मूळ गीत आधीचे असल्याचे ठाऊक आहे. वॉल्पोलच्या पाडावानंतरही कोणी ते असेच वापरले असेल. पण वापर म्हणजे उत्पत्ती, हे समीकरण कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

खरा आक्षेप याहून गंभीर आहे. या गीतात रहस्य नाहीच. मारेकरी पहिल्याच उत्तरात कबुली देतो. त्यानंतर कोणी त्याला शिक्षा करीत नाही. गीत गुन्ह्याकडून शोकाकडे वळते, आणि शोक म्हणजे कामाची वाटणी, हे मुलांना गाता गाता कळते. चिमणीवर खटला भरण्याची गरज एकोणिसाव्या शतकातील पुस्तिकाकारांना भासली. आमच्या अन्वयार्थकारांनी तोच खटला वेगळ्या आरोपींवर चालवला आहे, इतकेच.

आपल्या चिऊ-काऊच्या कथेत शेणाचे घर वाहून गेलेला काऊ दाराशी उभा राहतो आणि चिऊ दर वेळी नवे कारण सांगते. तेथेही सारे सामर्थ्य त्या लांबवलेल्या उत्तरांत आहे. उद्या कोणी त्या बंद दारामागे एखादे राजघराणे शोधू लागला, तर त्याला प्रबंधाचा विषय जरूर मिळेल; कथा मात्र दाराबाहेरच भिजत राहील.