परवा म्हणजे नक्की कधी?



मागच्या वेळी गोळ्यांच्या डबीबद्दल लिहिलं होतं. ह्या वेळी कॉम्प्युटर. आजीआजोबांनी घाबरू नये, मुलांनी हसू नये.

कॉम्प्युटरच्या कॅलेंडरात कार्यक्रम घालायला आता चौकट-चौकट भरावी लागत नाही. आपण बोलतो तसं एक वाक्य इंग्रजीत लिहायचं, ‘मंगळवारी सकाळी 10 वाजता डोळ्यांचा डॉक्टर’, की वार आणि वेळ मशीन आपणच वेगळी काढते. गुगलचं कॅलेंडर 2006 साली निघालं तेव्हाच ही सोय त्यात होती. आम्हांला मात्र नातवाने दाखवली तेव्हा कळली!

पण मशीनला आपलं ‘परवा’ कसं कळणार? आपल्यालाच विचारावं लागतं, गेला परवा की येणारा? वॉर्डात आम्ही केसपेपरवर ‘परवा’ कधी लिहीत नसू. तारीख लिहायची, आणि वेळ 24 तासांची, म्हणजे दुपारचे 2 आणि रात्रीचे 2 ह्यांचा घोटाळा नाही. कॉम्प्युटरलाही तसंच लिहावं. आणि 5/6 असं तर मुळीच नको. आपल्याला ती 5 जून, अमेरिकेच्या सवयीच्या मशीनला 6 मे.

हे सगळं माहीत असून आम्ही चुकलोच. आमच्या यजमानांची अझकारा 16 शेवातला येते. 2024 साली ती 25 जानेवारीच्या संध्याकाळी लागली. नातवाने लिहिलं, ‘25 जानेवारी, संध्याकाळी 6, आजोबांची मेणबत्ती, दर वर्षी.’ मशीनने निमूटपणे घेतलं. 2025 साली त्याच दिवशी शब्बाथ सुटल्यावर घंटी वाजली, आम्ही मेणबत्ती लावली, लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘आई, अजून तूबिश्वात कुठे झालाय?’ खरंच की! 16 शेवात लागणार होता 13 फेब्रुवारीला. आम्ही 19 दिवस आधीच लावून बसलो. त्या रात्री झोप लागली नाही. तेराला पुन्हा लावली, ती गोष्ट वेगळी.

मुलांनो, असं का झालं? आपलं साधं वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे इंग्रजी वर्षाहून 11 दिवस लहान. म्हणून 19 वर्षांत 7 वेळा एक जादा अदार घालतात. 5784 साली दोन अदार होते, म्हणून तारीख मागे यायची ती पुढे गेली. 2026 साली पुन्हा 2 फेब्रुवारीच्या संध्याकाळी आली. मशीनचा दोष नाही. ‘दर वर्षी’ म्हणजे कोणाचं वर्ष, ते आम्ही सांगितलंच नव्हतं.

असे दिवस वाक्य लिहून घालू नयेत. हेबकॅल नावाच्या साइटवर हिब्रू तारखेने पुढच्या वर्षांचे दिवस काढून मिळतात, ते कॅलेंडरात उतरवता येतात. नातवाने 20 वर्षांचे उतरवले. आम्ही म्हटलं, ‘अरे, एवढे कशाला? आम्ही तोवर कुठल्या असायला!’

म्हणाला, ‘मला नकोत का?’